नाताळच्या भेटीचा जमाखर्च

नाताळच्या भेटवस्तूंविरुद्ध दरवर्षी डिसेंबरात दोन फिर्यादी दाखल होतात, आणि दोन्हींतील वादी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहणारे नसले तरी त्यांच्या अर्जांतील मजकूर चमत्कारिक रीतीने सारखा असतो. पहिला वादी धर्मोपदेशक. गोठ्यात जन्मलेल्या एका निष्कांचन बालकाचा जन्मोत्सव व्यापाऱ्यांनी बळकावला, भेटीमागील भाव लोपला आणि रंगीत कागदात गुंडाळलेले सामान तेवढे उरले, अशी त्याची तक्रार. दुसरा वादी अर्थशास्त्रज्ञ. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन पंडिताने येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना, तुम्हाला नाताळात मिळालेल्या वस्तूंवर देणाऱ्यांनी किती पैसे खर्चले असतील आणि त्याच वस्तू स्वतः घ्यायच्या झाल्या तर तुम्ही किती मोजाल, असे दोन प्रश्न विचारले, आणि दोन आकड्यांमधील तफावतीवरून १९९३ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की भेटींवर खर्च होणाऱ्या रकमेचा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचा हिस्सा कोणाच्याच पदरात न पडता नाहीसा होतो. स्नेही-सोबत्यांनी दिलेल्या भेटींत ही तूट थोडी, दूरच्या नातेवाइकांनी पाठविलेल्या वस्तूंत फार, असेही त्याला आढळले.

एकाचे म्हणणे भेटीत वस्तूच फार झाली, दुसऱ्याचे म्हणणे वस्तू चुकीची आली. तथापि भेटीचे खाते दोघेही एकाच मुहूर्तावर बंद करतात, तो म्हणजे पंचवीस डिसेंबरच्या सकाळी, वेष्टनाचा कागद फाडून होताच. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या सकाळी भेटीचा अर्थ अजून सिद्ध झालेलाच नसतो. देणाऱ्याचा हेतू हा त्या अर्थाचा आरंभ होय. त्याची पूर्तता, व्हायची असेल तर, पुढे वीस-तीस वर्षे कुटुंब करीत राहते, ती वस्तू वापरून, जपून, मोडून, तिच्यावरून भांडून, आणि मुख्यतः तिच्याविषयी बोलून. वॉल्डफोगेलच्या प्रश्नावलीत भावनिक मूल्य वगळून उत्तर द्यावे अशी स्पष्ट सूचना होती. पाणी वगळून विहिरीचे मोजमाप घ्यावे तशातला हा प्रकार. परंतु ती सूचना नसती तरी फारसा फरक पडला नसता, कारण विशीतल्या विद्यार्थ्याला आत्याने विणून पाठविलेल्या स्वेटरचे भावनिक मूल्य त्या वर्षी ठाऊकच नसते. ते विद्यार्थी आज पन्नाशीला येऊन पोहोचले आहेत. तोच प्रश्न त्यांना आता विचारला तर कोणत्या वस्तूंची किंमत चढली आणि कोणत्यांची शून्यावर आली, हे जाणून घेण्याची मला खरोखर उत्सुकता आहे.

धर्मोपदेशकाच्या तक्रारीत एक इतिहास गृहीत धरलेला असतो, आणि तो बराचसा काल्पनिक आहे. नाताळची कौटुंबिक भेट पूर्वी केव्हातरी शुद्ध, भावपूर्ण आणि बाजारापासून अलिप्त होती, मग दुकानदार आले आणि तिला कीड लागली, असे हे चित्र. वस्तुस्थिती अशी की जुन्या इंग्लंडात नाताळचे देणेघेणे घरातल्या घरात फारसे होत नसे. ते उंबरठा ओलांडून वरून खाली जात असे. जमीनदाराच्या दारी कुळे आणि गडीमाणसे येत, गाणी म्हणून यजमानाला आशीर्वाद देत आणि खाणेपिणे हक्काने मागून घेत. आपल्याकडील दिवाळीच्या पोस्तीशी ज्याचे नाते चटकन लागावे असा हा रिवाज होता, आणि त्याचा अवशेष सव्वीस डिसेंबरच्या ‘बॉक्सिंग डे’च्या रूपाने मागे राहिला. न्यू इंग्लंडातील कर्मठ प्युरिटनांना तर नाताळचा सगळाच धुडगूस इतका अधर्म्य वाटला की मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १६५९ साली तो साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला, आणि तो कायदा १६८१ पर्यंत अमलात होता. मुलाबाळांना शेकोटीपाशी जमवून भेटी देणारा नाताळ ही एकोणिसाव्या शतकातील नागर मध्यमवर्गाची निर्मिती आहे. क्लेमंट मूर यांच्या नावाने ओळखली जाणारी सेंट निकोलसवरची कविता १८२३ साली छापली गेली. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ आणि हेन्री कोल यांनी करवून घेतलेले पहिले नाताळपत्र ही दोन्ही १८४३ ची. आणि सजविलेल्या झाडाभोवती उभ्या असलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये १८४८ साली आले. वर्तमानपत्रांतील भेटवस्तूंच्या जाहिराती फोफावल्या त्याही याच दशकांत. तेव्हा दुकानाने कौटुंबिक भेटीला बिघडविले हे म्हणणे टिकत नाही. दोघांची वाढ बरोबरीने झाली आहे. बिघाड दाखवायचाच असेल तर तो निराळ्या ठिकाणी दाखवावा लागेल. न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली निरुपयोगी भेटींना आळा घालण्यासाठी एक संस्था स्थापन झाली, तिच्यामागचे गाऱ्हाणे दुकानांत राबणाऱ्या मुलींचे होते: आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून वरिष्ठांना नाताळचा नजराणा द्यावा लागतो, हे त्यांना सोसवेनासे झाले होते. ती वस्तू कोणाच्याही आठवणीत राहिली असेल असे वाटत नाही. राहिली असेल ती वर्गणी.

या नव्या नाताळाने एक युक्ती मात्र अशी काढली की तिच्याकडे तत्त्वचिंतकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. आईबापांनी स्वतःचे नाव खोडून त्या जागी सांताक्लॉजचे नाव घातले. मुलाला भेट मिळते, पण आभार कोणाचे मानायचे ते माणूस डोळ्यांसमोर नसते. ऋण आहे आणि सावकार नाही. काही वर्षांनी, बहुधा एखाद्या आगाऊ वर्गमित्राच्या कृपेने, खरा प्रकार कळतो, आणि त्या क्षणी मागील सर्व नाताळांच्या नोंदी आपोआप फिरून आईबापांच्या नावे पडतात. लाकडी घोडा तोच असतो, त्याचा मोडका पायही तोच असतो. परंतु ज्या वर्षी वडिलांची नोकरी गेली होती त्या वर्षी तो घरात आला होता, हे आता प्रथमच त्या मुलाच्या ध्यानात येते. भेटीचा अर्थ मागाहून बदलू शकतो याचा याहून ठळक दाखला शोधूनही सापडणार नाही, आणि तो पाश्चात्य जगात घरोघर घडतो.

किंबहुना ज्या प्रसंगाला या सगळ्या भेटींचे मूळ मानतात, तो प्रसंगही हेच सांगतो. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी बालकापुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवला, असे मत्तयाचे शुभवर्तमान सांगते. मागी तिघे होते असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. वस्तू तीन म्हणून माणसेही तीन, हा पुढील भाविकांचा हिशेब. सोने राजाला आणि ऊद देवाला, हे समजण्यासारखे आहे. पण पाळण्यातल्या बाळाला गंधरस कशासाठी? गंधरस त्या काळी प्रेताला लावीत असत. वॉल्डफोगेलने त्या दिवशी मरियेला प्रश्न विचारला असता तर या भेटीची किंमत तिने काय सांगितली असती, हे सांगणे अवघड नाही. आणि तीसेक वर्षांनंतरच्या एका संध्याकाळी, योहानाच्या शुभवर्तमानात, निकदेम नावाचा गृहस्थ क्रुसावरून उतरविलेल्या देहासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो. ख्रिस्ती परंपरेने पाळण्याजवळचा गंधरस वाचला तो या संध्याकाळच्या उजेडात. मधल्या वर्षांत त्या तीन वस्तूंचे काय झाले याविषयी शुभवर्तमाने मौन पाळतात. पण लूक एवढे नोंदवून ठेवतो की घडलेल्या गोष्टी मरियेने मनात साठवून ठेवल्या होत्या. भेट देणारे आपल्या देशी परत गेले. जपणूक आईकडे आली.

मागी लोकांचे नाव घेऊन ओ. हेन्रीने १९०५ साली लिहिलेली गोष्ट आपल्याकडेही पाठ्यपुस्तकांतून पुष्कळांच्या परिचयाची आहे. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेण्यासाठी बायको केस विकते, आणि तिच्या केसांसाठी कंगवे घेण्यास नवरा घड्याळ विकतो. धर्मोपदेशकांची ही आवडती कथा, कारण वस्तू निरुपयोगी ठरल्या आणि प्रेम उरले, असे तात्पर्य तिच्यातून झटकन काढता येते. मला मात्र त्या कथेतील डेलाचे एक बोलणे अधिक मोलाचे वाटते: माझे केस लवकर वाढतात, असे ती नवऱ्याला सांगते. म्हणजे कंगवे निरुपयोगी नाहीत, त्यांची वेळ यायची आहे; आणि साखळी बिनघड्याळाची राहिली तरी पुढच्या आयुष्यात दर नाताळला ती बाहेर निघणार, तिच्यावरून हसणे होणार, आणि कदाचित दुसरे घड्याळ घेण्याच्या वेळी तिचाच मान पहिला असणार. लेखकाने जिथे कथा संपविली तिथे त्या वस्तूंचे आयुष्य नुकते सुरू होत होते.

यावर कोणी म्हणेल की ही हाताने केलेल्या अथवा त्याग करून घेतलेल्या वस्तूंची गोष्ट झाली. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या वस्तूला असे आयुष्य कोठून येणार? त्याला १९१४ सालच्या नाताळाचे उदाहरण द्यावेसे वाटते. इंग्लंडची राजकन्या मेरी त्या वेळी सतरा वर्षांची होती. तिच्या नावाने लोकवर्गणी गोळा झाली आणि आघाडीवरील सैनिकांना व नाविकांना पितळेची एक डबी धाडण्याचे ठरले: सुमारे पाच इंच लांब, झाकणावर राजकन्येचा मुखवटा, आत तंबाखू, सिगारेटी, एक शुभेच्छापत्र आणि तिचे छायाचित्र. फ्रान्सच्या खंदकांत त्या थंडीत लाहोर आणि मेरठ या डिव्हिजनांतील हिंदी शिपाईही होते, आणि त्यांच्यापैकी शिखांना तंबाखू चालत नाही हे ध्यानात ठेवून त्यांच्यासाठी खडीसाखर आणि मसाल्याची डबी अशी निराळी तजवीज केली होती. नाताळापर्यंत साडेतीन लाखांवर डब्या वाटल्या गेल्या. पुढे ही संख्या पंचवीस लाखांच्या पलीकडे गेली. देणारीने घेणाऱ्याला पाहिलेले नाही, घेणाऱ्याने देणारीला पाहिलेले नाही, प्रत्येक डबी दुसरीसारखी. यात व्यक्तिगत असे काय होते? काहीच नाही. तरीही तंबाखू ओढून संपल्यावर शिपायांनी ती डबी फेकली नाही; कोणी तीत पत्रे ठेवली, कोणी ती घरी पाठविली, आणि जे परतले नाहीत त्यांच्या आई-बायकांच्या हाती ती सरकारी टपालाने आली. आज ब्रिटनमधील असंख्य घरांत ही डबी कपाटात आहे, आणि ती राजकन्येची म्हणून नव्हे, पणजोबांची म्हणून आहे. देणारीचा मुखवटा झाकणावर असूनही कुटुंबांनी तो बाजूला सारला. भेटीमागचा हेतू हेच सर्वस्व मानणाऱ्यांनी या डबीचा उलगडा करून दाखवावा.

आपल्याकडील ख्रिस्ती घरांत, निदान मागच्या पिढीपर्यंत, कागदात गुंडाळून झाडाखाली ठेवलेली भेट फारशी नव्हतीच. वसईचेच पाहा. पोर्तुगिजांचा अंमल चिमाजीअप्पांनी १७३९ साली संपविला, पण त्या दोन शतकांत रुजलेला धर्म वाडवळ, सामवेदी आणि इतर समाजांच्या घरांत आपापल्या बोलीसकट टिकला. आणि या बागायतदार, कष्टकरी घरांत नाताळची भेट म्हणजे मुलांना नवे कपडे. माझ्या परिचयाच्या तेथील एका कुटुंबात सहा भावंडे होती, आणि वडील दरसाल मंगळदास मार्केटातून एकाच ताग्याचे छापील कापड आणीत: मुलांना सदरे, मुलींना झगे, उरलेल्या तुकड्यांचे उशांचे अभ्रे. मध्यरात्रीच्या मिस्साला ही सहा मुले बाकावर ओळीने बसली की मागच्या बाकावर खसखस पिके, आणि सहाही जणांना भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे होई. त्या सदऱ्यांची बाजारी किंमत मुलांच्या लेखी शून्याहून खाली होती यात शंका नाही, आणि बापाचा कंजूषपणा हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण होते. थोरल्या बहिणीला त्याचा दुसरा अर्थ लागला तो तिच्या स्वतःच्या घरात तीन मुले झाल्यावर, एकाच्या बुटावरून दुसऱ्याने डोळ्यांत पाणी आणले त्या दिवशी: एकच तागा घेतला की कोणाला भारी आणि कोणाला हलके हा प्रश्नच घरात शिरत नाही. आता ही भावंडे साठी-सत्तरीत आहेत. कृष्णधवल छायाचित्रातील ते कापड हिरवे होते की निळे, यावर दर नाताळच्या जेवणात त्यांचा वाद होतो, आणि मग आईने जुन्या कपड्यांची शिवलेली गोधडी बाहेर काढून त्यातील एक ठिगळ पुरावा म्हणून हजर केले जाते. ठिगळ इतके विटले आहे की दोन्ही पक्ष ते आपल्याच बाजूचे मानतात.

स्मृतीची ही बाजू गोड आहे, म्हणून दुसरी लपविणे बरे नव्हे. कुटुंबाच्या दप्तरात खऱ्या भेटींइतक्याच न मिळालेल्या भेटीही नोंदलेल्या असतात. धाकट्याला सायकल आणि मला पेन, ही नोंद चाळीस वर्षांनीही पुसलेली नसते, आणि वाटणीच्या वेळी ती बरोबर वर येते. स्मरण म्हणजे कृतज्ञताच असे समजणे भाबडेपणाचे होय. त्याहून शिकण्यासारखी आहे ती आपल्या लग्नघरातील आहेराची वही. कोणी किती रुपये घातले आणि कोणी खण दिला, हे तीत इतक्या काटेकोरपणे लिहिलेले असते की तशी नोंद एखाद्या कारकुनानेही ठेवली नसेल, पण ते लिहिले जाते कशासाठी? त्यांच्या घरचे कार्य निघाले की तेवढेच परत करून मोकळे होता यावे म्हणून. आणि तो खण तर न शिवता, न वापरता या घरातून त्या घरात फिरत राहतो. कधी कधी मूळ मालकिणीकडे परतही येतो. मानववंशशास्त्रज्ञ मालिनॉवस्कीने १९२२ साली ट्रोब्रिअंड बेटांवरील ज्या देवघेवीचे वर्णन केले, तीतही शिंपल्यांच्या माळा आणि कंकणे अशीच हातोहात फिरतात. फरक असा की तेथील नामांकित माळेला स्वतःचे नाव असते, ती कोणाकोणाच्या हातून आली हे लोक अभिमानाने सांगतात, आणि त्या सांगण्याने तिची प्रतिष्ठा वाढते. आपला खण कोणाकडून आला हे मात्र प्रत्येक गृहिणी कसोशीने लपविते. वस्तू दोन्हीकडे फिरते. एकीकडे तिची कथा तिच्याबरोबर फिरते, दुसरीकडे दर उंबऱ्यावर कथा खुडली जाते.

हाच धागा धरून गोव्यातील नाताळाकडे पाहिले म्हणजे एक वेगळा व्यवहार दिसतो. तेथे नाताळच्या आधीचे कित्येक दिवस ‘कुसवार’ करण्यात जातात: दोदोल, बेबिंक, पेराद, नेवऱ्या, कुलकुल. कुलकुलांसाठी पिठाची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळतात, तिच्यावर रेघा उमटतात आणि मग ती तळतात. हे काम एकटीचे नाही, सबंध घर भोवती बसते, आणि पोरांनी केलेल्या वेड्यावाकड्या गोळ्याही कढईत जातात. मग ताट भरून, वर क्रोशाने विणलेला रुमाल घालून, शेजारी पाठवायचे. या पाठवणीला तेथे ‘कोंसुआद’ म्हणतात. शेजार हिंदू असला तरी ताट जाते, आणि चवथीला त्या घरून नेवऱ्यांचे ताट इकडे येते. तीच नेवरी भाद्रपदात एका दिशेने भिंत ओलांडते आणि डिसेंबरात उलट दिशेने. मार्सेल मोस याने १९२५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने मांडली, आणि पुढे पिएर बोर्द्यू याने त्यात मधल्या कालावधीचे महत्त्व दाखवून दिले: ताबडतोब परत केले तर तो अपमान ठरतो. ज्या घरांत शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी असा दंडक आहे, त्यांना हे सांगण्यासाठी फ्रेंच पंडितांची गरज नव्हती. चिमूटभर साखर ही परतफेड नव्हेच. खाते चालू आहे एवढीच ती पोच.

गीतेच्या सतराव्या अध्यायात, ज्याच्याकडून परतफेड होणे नाही त्याला दिलेले दान सात्त्विक आणि फळाची आशा धरून दिलेले राजस, असा भेद केला आहे. दानाविषयी तो बिनतोड आहे. कौटुंबिक किंवा शेजारधर्माच्या भेटीला मात्र तो लावू नये, असे माझे मत आहे. तेथे परतीची अपेक्षा नसणे हा सद्गुण नसून परकेपणा आहे. ज्याच्याकडून आपल्याला काहीच नको, त्याच्याशी आपले नातेही थोडेच असते. या नियमाला एकच अपवाद मला आदरणीय वाटतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला त्या घरात गोडधोड होत नाही, दिवाळीचा फराळ होत नाही, आणि ते जाणून शेजारीपाजारी आपण होऊन ताटे पाठवितात. त्या वर्षी ताट रिकामे परत आले तरी कोणी मनात आणत नाही. पण त्या घरातील माणसांना विचारा: कोणत्या साली कोणाच्या घरून काय आले होते, हे ते इतर कोणत्याही वर्षापेक्षा अचूक सांगतील.

अलीकडे कुसवार म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानांतून तयार मिळते, आणि काट्यावर कुलकुल वळण्यास पुरेसे हात घरात उरलेले नाहीत. याबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाही. पितळेची डबी कारखान्यातच घडली होती, आणि विकतच्या दोदोलाचे ताटही भिंत ओलांडू शकते. अडचण भिंतीच्या पलीकडची आहे. मुलगा आखातात, मुलगी लंडनात, म्हातारीचे निधन झालेले, आणि घराला कुलूप. किंवा घर विकले जाऊन तेथे सुटीपुरते येणारे कोणी राहायला आलेले, ज्यांचे नाव अद्याप फाटकावर लागायचे आहे. मुलगा नाताळला चुलत्याला पैसे पाठवितो, ते चोख पोहोचतात, आणि मुलगी ज्याची मागणी आली असेल तीच वस्तू मागवून परस्पर दारात टाकविते. वॉल्डफोगेलच्या हिशेबी तूट जवळजवळ शून्य. पण त्या पैशांतून चुलत्याने छपराची कौले बदलली, की भाचीची फी भरली, हे फोनवर विचारायला पाहिजे आणि त्याने ते सविस्तर सांगायला पाहिजे. नव्या शेजाऱ्याकडे ताट न्यायचे तर आधी फाटकाची कडी वाजवून आपण कोण ते सांगावे लागेल, आणि नेवरीच्या आत काय असते तेही.